कोरमपुरते पाच

गेली सहा वर्षं मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. कॉमिक्सबद्दल लिहिताना ही ओळख आधी कशाला, हे पुढे कळेल. 'चॅम्पियन्स क्लासिक'चे दोन खंड माझ्या हातात ठेवताना भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, घे. तुमच्या कमिटीची गोष्ट आहे." मला तो टोमणा वाटला. दोन रात्रींत दोन्ही खंड संपवले, तेव्हा कळलं की कार्टं खरं बोलत होतं.

दोन्ही सेकंडहँड, त्याने ऑनलाइन मागवलेले. विकणाऱ्याने 'जवळपास नवीन' असं लिहिलं होतं. दुसऱ्या खंडात एका पानावर हळदीचा स्वच्छ अंगठा उमटलेला निघाला. आमटी-भात खाता खाता कुणीतरी वाचलेलं दिसतंय. असो, तक्रार नाही.

चॅम्पियन्स हा मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा सुपरहिरोंचा संघ. पहिला अंक ऑक्टोबर १९७५चा, सतरावा आणि शेवटचा जानेवारी १९७८चा. मूळ कल्पना टोनी इझाबेला या लेखकाची आणि ती फक्त दोघांची: एंजल आणि आइसमॅन, एक्स-मेन या मार्व्हलच्याच दुसऱ्या संघातून बाहेर पडलेले दोन दोस्त, देशभर भटकणार आणि वाटेत लोकांच्या मदतीला धावणार. मी तर ती मालिका आवडीने वाचली असती. पण संपादक लेन वीन म्हणाले, संघ म्हटला की किमान पाच जण हवेत. त्यात एक बाई हवी, एक दांडगा गडी हवा आणि एक असा हवा की ज्याच्या नावाचं स्वतंत्र कॉमिक आधीच चालू आहे. म्हणून ब्लॅक विडो, हर्क्युलस आणि घोस्ट रायडर. आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी अगदी असंच होतं. अमुक जागा भरल्याच पाहिजेत, त्यात दोन महिलांसाठी राखीव, मग जिन्यात भेटेल त्याला पकडून फॉर्म भरून घ्यायचा. बरं, पाचाचा हा हट्ट ज्या कंपनीत धरला गेला, तिचा नाव कमावलेला संघ फॅन्टॅस्टिक फोर, म्हणजे चौघांचा!

पहिल्या तीन अंकांत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ग्रीक देव धुडगूस घालतात. नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, तिथे रशियन शिकवायची नोकरी मिळते का बघायला आलेली. हर्क्युलस पाहुणा व्याख्याता. घोस्ट रायडर मोटरसायकलवरून आपला शेजारून चाललेला. आणि पाताळाच्या राजाला, प्लूटोला, हवंय काय? तर हर्क्युलसने ॲमेझॉन राणी हिपोलिटाशी आणि प्रेमदेवी व्हीनसने युद्धदेव एरीसशी मुकाट्याने लग्न करावं. म्हणजे पाच वीर एकत्र का आले, तर जबरदस्तीची दोन लग्नं मोडायला. आमच्याकडे एवढ्या कामाला एक मावशी पुरते.

लग्नं मोडल्यावर घरी जायला हवं होतं. पण एंजल गर्भश्रीमंत. तो स्वतःच्या पैशांतून मुख्यालय उभं करतो, पत्रकार परिषद घेतो, 'आम्ही सामान्य माणसाचे वीर' असं जाहीर करतो. आणि पुढारी नताशा. इथे मी पेन्सिलने समासात खूण केली आहे. बाई अध्यक्ष झाली म्हणून टाळ्या पडल्या आणि पुढच्याच पानापासून पुरुषमंडळी आपापसांत भांडायला मोकळी! हर्क्युलस ऐकत नाही, आइसमॅनचं मन संघात नाही, घोस्ट रायडरला तर चारचौघांत बसायचीच चीड. मग नताशाच्या चेहऱ्यावर एक भाव येतो, थकलेला पण आवाज न चढवणारा. मीटिंगचं इतिवृत्त लिहिताना माझाही तोच असतो.

वीरांची विमानं चकचकीत असतात. यांच्या विमानाचं नाव चॅम्प्सक्राफ्ट, आणि ते धड चालेल तर शपथ. मुख्यालयातली यंत्रंही त्याच वळणाची. लिफ्ट बंद पडल्यावर सकाळी सहाला ज्याचा फोन वाजतो, त्याने हे प्रसंग जरूर वाचावेत.

पहिल्या खंडातला सगळ्यात पटणारा माणूस मात्र खलनायक आहे. रॅम्पेज, म्हणजे स्टुअर्ट क्लार्क. मंदीत कंपनी बुडालेला इंजिनिअर. स्वतःच बनवलेला यांत्रिक पोशाख अंगावर चढवतो आणि बँक लुटायला निघतो. देव नाही, राक्षस नाही, कर्ज डोक्यावर घेतलेला माणूस. 'सामान्य माणसाचे वीर' पहिल्या झटक्यात कुणाशी लढतात बघा: सामान्य माणसाशीच. हे कथेतल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. इझाबेलांनी इथे थोडं थांबायला हवं होतं.

आठव्या अंकापासून बिल मॅन्टलो लिहायला लागतात. टायटॅनियम मॅन, डार्कस्टार, नताशाचा जुना सोबती इव्हान आणि त्याचा मुलगा युरी अशी रशियाकडची सगळी मंडळी लॉस एंजेलिसमध्ये येऊन थडकतात आणि नताशाला अखेर काहीतरी काम मिळतं. हा भाग छान आहे. मधले दोन-तीन अंक चाळले तरी चालतील, चित्रंही तिथे घाईत काढलेली वाटतात.

अकराव्या अंकात चित्रकार जॉन बर्न येतात आणि खिडक्या पुसल्यासारखं होतं. तीच माणसं, तेच कपडे, पण आता ती हलतात. पंधराव्यापर्यंत ते राहिले. वर्ष संपायच्या आत त्यांची चित्रं एक्स-मेनमध्ये दिसू लागली आणि तिकडे ते गाजले. एंजल आणि आइसमॅन जिथून निघून आले, तिथेच यांचा चित्रकार गेला!

अंक कधी महिन्याने निघे, बहुतेकदा दोन महिन्यांनी. सव्वादोन वर्षांत १७. तेवढ्यात किंमत २५ सेंटवरून ३५ सेंटवर गेली. दोन महिन्यांनी भेटणाऱ्या पाच जणांमध्ये जिव्हाळा कसा तयार होणार? त्यात सोळाव्या अंकाची, डॉक्टर डूम या खलनायकाची गोष्ट सुरू होते दुसऱ्याच एका मासिकात. १९७७च्या वाचकाला हे किती जाचलं असेल! आपली मात्र सोय आहे. दुसऱ्या खंडात तो अंक घेतला आहे, शिवाय आयर्न मॅनचा एक वार्षिक अंक आणि ॲव्हेंजर्सचा १६३वाही. सॅन फ्रान्सिस्कोत हे लोक गॉडझिलाशी लढले तो अंक मात्र नाही. मला तोच हवा होता.

शेवट बघून वाईट वाटतं. सतराव्या अंकात सेंटिनल यंत्रमानवांशी मारामारी होते आणि मालिका खलास. संघ मोडला, ही बातमी वाचकाला नंतर स्पायडर-मॅनच्या कॉमिकमध्ये कळते, एप्रिल आणि मे १९७८च्या अंकांत. स्वतःच्या घरात निरोपसमारंभसुद्धा नाही. पाचांपैकी कोणी खलनायकाकडून मेला नाही, कोणी फितूर झाला नाही, माणसं नुसती यायची बंद झाली. अशा मीटिंगा मी पाहिल्या आहेत. चहा सांगितलेला असतो आठ जणांचा.

नावाची तर वेगळीच कथा. २००७मध्ये मार्व्हलला ते नव्या संघाला द्यायचं होतं, पण हक्क दुसऱ्याकडे असल्याने संघाचं बारसं 'द ऑर्डर' असं झालं. नाव परत वापरायला मिळालं २०१६मध्ये, आणि तेही एका वेगळ्याच, कोवळ्या पोरांच्या संघाला.

घ्यायचे का? एकच घ्यायचा तर दुसरा घ्या. पहिल्यातलं काय हवं ते मी वर सांगितलंच आहे. दुसऱ्यात चौदावा आणि पंधरावा अंक आहे, त्यातला स्वॉर्म हा खलनायक म्हणजे एका नाझी शास्त्रज्ञाचा सांगाडा आणि त्याच्याभोवती मधमाश्यांचं आख्खं मोहोळ. कल्पना इतकी वेडगळ की पाचही वीर पहिल्यांदा एका कामाला लागलेले दिसतात.

पहिला खंड मी भाच्याला परत केला. दुसरा मागतोय, पण देणार नाही. हळदीचा तो अंगठा मोहोळाच्याच पानावर आहे, आणि पहिल्या वाचनात मी त्याला मधमाशीच समजले होते.