एकच करंडक की चार? शाळांचे गट पाडण्याआधी

फुटबॉलच्या त्या सामन्यात आमच्या राखीव बाकावर एकच मुलगा होता, आणि त्याच्या घोट्याला पट्टी बांधलेली होती. समोरच्या बाकाशी सात जण पाय मोकळे करत होते. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांनी ताज्या दमाचे चार खेळाडू उतरवले आणि आम्ही ५-१ असे हरलो. परतताना आमच्या गोलरक्षकाने विचारलं, "सर, आम्ही वाईट खेळलो का?" ती मुलं वाईट खेळली नव्हती. समोरच्या शाळेत त्या वयोगटातली मुलं आमच्या दहापट होती, एवढीच गोष्ट. पण तेरा वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

तुम्ही एखाद्या आंतरशालेय स्पर्धेच्या समितीवर असाल, आणि शाळांचे गट पाडायचे का, पाडायचे तर कशाच्या आधारावर, हा विषय पुढच्या बैठकीत येणार असेल, तर हे तुमच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. करंडकासाठी गट जरूर पाडा. शेजारच्या शाळेशी होणारा वर्षाचा सामना मात्र त्या गटांच्या बाहेर, सुरक्षित ठेवा. बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळापत्रकात कोंबल्या जातात आणि दोन्हींचं नुकसान होतं.

सगळ्यांना एकच खुला गट

या पद्धतीच्या बाजूने सांगायला एक जबरदस्त गोष्ट आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शालेय बास्केटबॉलची राज्य स्पर्धा कित्येक दशकं सर्व शाळांसाठी एकच होती. १९५४ मध्ये मिलान नावाच्या गावातल्या, अवघ्या १६१ पटाच्या शाळेने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असं हरवलं. शेवटच्या सत्रात बॉबी प्लम्प हा त्यांचा खेळाडू चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून उभा राहिला, आणि शेवटच्या क्षणी त्यानेच विजयी बास्केट केली. केंटकी राज्यात आजही बास्केटबॉलला गट नाहीत. सोळा विभागांचे सोळा विजेते एकत्र येतात आणि त्यातून एकच विजेता ठरतो.

ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण तिच्या आधारावर नियम करायला बसलात तर फसाल. मिलानचा विजय इतकी वर्षं सांगितला जातो, कारण तसं पुन्हा पुन्हा घडत नव्हतं. शिवाय बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात. चांगले पाच आणि हुशार प्रशिक्षक असला तर लहान शाळाही टिकते, आणि तेव्हा चेंडू किती वेळ धरून ठेवायचा यावर बंधन नव्हतं, त्यामुळे खेळाचा वेग मिलानच्या हातात राहिला. अकरा जणांच्या खेळात ही सोय नसते.

ताकदीत फार अंतर असलं की काय होतं, ते गुणफलकावर पाहायचं असेल तर जानेवारी २०१६ मधला मुंबईच्या भंडारी करंडकाचा सामना आठवा. एका शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला, त्यात प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ धावा होत्या. प्रतिस्पर्धी संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. प्रणवचा विक्रम जगभर गाजला आणि तो त्याच्या कष्टाचाच होता. मला मात्र तो आकडा ऐकला की उन्हात तासन् तास सीमारेषेकडे धावणारी ती दुसरी अकरा मुलं दिसतात.

खुला गट मग कधी ठेवावा? शाळा मोजक्या असतील आणि सर्वांत मोठीचा पट सर्वांत लहानीच्या तिप्पट-चौपटीच्या आत असेल, तर. वैयक्तिक धावणं, उड्या, पोहणं यांतही चालतो. एखादी जिद्दी धावपटू कुठल्याही शाळेत असू शकते.

पटसंख्येवर गट

सर्वांत रुळलेली आणि समजायला सोपी पद्धत ही. टेक्सासमध्ये शाळांचे सहा गट आहेत. सर्वांत लहान गटात साधारण १०५ हून कमी पटाच्या शाळा येतात, सर्वांत वरच्या गटात २,२०० च्या पुढच्या. दर दोन वर्षांनी ही मांडणी नव्याने होते.

पट महत्त्वाचा का, ते कागदावर एकदा मांडून पाहा. चार इयत्ता मिळून पट १६० असेल तर मुलगे साधारण ८०. त्यातले एक तृतीयांश मैदानावर यायला तयार आहेत असं धरलं तर २६. त्यातून अकरा निवडायचे म्हणजे दर दोघा-तिघांमागे एक जण संघात येणार, त्याला खेळ येवो न येवो. १,६०० पटाच्या शाळेत याच हिशेबाने २६० इच्छुक असतात आणि दर तेवीस-चोवीस जणांमागे एक निवडला जातो. शिवाय लहान शाळेत तोच मुलगा फुटबॉलही खेळतो, रिले धावतो आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकातही असतो. दुखापत झाली की तीन संघ लंगडे पडतात.

समित्यांची चूक होते ती रेघ ओढताना. पटाचे सारख्या अंतराचे टप्पे पाडले जातात. पण ६० आणि १८० पटाच्या शाळांत फरक १२० चा असला तरी एक शाळा दुसरीच्या तिप्पट आहे. १,५०० आणि १,६२० मध्येही फरक १२० चाच, आणि तो मैदानावर जाणवतसुद्धा नाही. म्हणून खालच्या बाजूला टप्पे जवळजवळ हवेत, वर गेलं की लांब चालतात. सर्वांत खालचा गट "३०० पर्यंतच्या सर्व शाळा" असा मोघम केलात, तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्याच शाळा पुन्हा भरडल्या जातील.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एकूण पट घेऊ नका, त्या स्पर्धेच्या वयोगटातला पट घ्या, आणि मुलांचा व मुलींचा वेगळा. दुसरं म्हणजे, सारख्या पटाच्या दोन शाळांची ताकद सारखी असतेच असं नाही. घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं शाळा सुटली की सरावाला थांबू शकतीलच असं नाही. मिनेसोटा राज्यात म्हणूनच मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येचा ४० टक्के भाग पटातून वजा करतात आणि मग गट ठरवतात. हा नियम मला फार समंजस वाटतो.

काठावरच्या शाळेची तक्रार मात्र कुठलीही रेघ ओढली तरी येणारच. दोन मुलं जास्त भरली म्हणून वरच्या गटात गेलेली शाळा दरवर्षी दाद मागेल. गट दोन वर्षांसाठी पक्का करा आणि पट कोणत्या तारखेचा धरणार ते आधीच जाहीर करा. स्वतःहून वरच्या गटात खेळू इच्छिणाऱ्या लहान शाळेला अडवू नका. मिलानसारखं स्वप्न बघायची वाट तिथे मोकळी राहते.

गुणक

काही शाळांना ठरलेल्या हद्दीतलीच मुलं घ्यावी लागतात, काहींना कुठूनही घेता येतात. दोघींचा पट सारखा असला तरी चांगले खेळाडू मिळण्याची शक्यता सारखी नसते. इलिनॉयमध्ये हद्द नसलेल्या शाळांचा पट १.६५ ने गुणून गट ठरवतात. म्हणजे ५०० ची शाळा गटवारीत ८२५ ची धरली जाते.

हेतू रास्त आहे, पण उपाय ढोबळ आहे. हद्द नसलेली प्रत्येक शाळा खेळाडू गोळा करत नाही. एखादी छोटी संस्था खेळात कायम तळाशी असते आणि तिलाही तोच आकडा लागतो. तिथेही पुढे याचा विचार झाला आणि अलीकडे यश न मिळवलेल्या शाळांना गुणकातून सूट देण्याची तरतूद आली. तुमच्याकडे अशी एखाद-दुसरीच शाळा असेल तर गुणकाच्या भानगडीत पडू नका. पुढची पद्धत ते काम जास्त नीट करते.

यशावर बढती

१९९७-९८ च्या मोसमापासून इंडियानाने बास्केटबॉलचे चार गट केले. पुढे लक्षात आलं की काही शाळा आपल्या गटात वर्षानुवर्षं सगळ्यांना झोपवत आहेत. म्हणून २०१२ मध्ये नवा नियम आला. स्पर्धेत जितकी पुढची फेरी जिंकाल तितके गुण, पहिल्या टप्प्याला १ पासून राज्य विजेतेपदाला ४ पर्यंत. दोन वर्षांत ६ गुण झाले की त्या खेळात शाळा एक गट वर जाते.

शाळा कोणत्या प्रकारची, मुलं कुठून आणली, हे कुणी कुणाला विचारत नाही. आरोप नाहीत, चौकशी नाही, निकाल बोलतात. ज्या समितीत शाळाशाळांत आधीच कुरबुरी आहेत, तिथे एवढ्यासाठीसुद्धा ही पद्धत घ्यावी. पण एक अन्याय तिच्यातही आहे. ज्या मुलांनी करंडक आणला ती शाळा सोडून गेलेली असतात आणि वरच्या गटात मार खातात त्यांच्या मागची मुलं. म्हणून खाली येण्याची वाटही तितकीच सरळ हवी. दोन वर्षं वर काही जमलं नाही तर अर्ज-विनंती न करता मूळ गट परत. आणि बढती त्या एका खेळापुरती, आख्ख्या शाळेला नाही.

मुलंच पुरत नसतील तर

वरच्या चारही पद्धती संघ उभा राहतो असं धरून चालतात. ज्या शाळेत तेवढी मुलंच नाहीत तिथे खेळ लहान करावा लागतो. १९३४ मध्ये नेब्रास्कात स्टीफन एप्लर यांनी अमेरिकन फुटबॉलचा सहा जणांचा प्रकार तयार केला तो याच गरजेतून. मैदान ८० बाय ४० यार्डांचं, आणि मध्यंतराला किंवा त्यानंतर ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबतो. टेक्सासच्या सर्वांत लहान शाळा आजही हाच खेळ खेळतात, चुरशीने खेळतात. एकतर्फी सामना कुठे थांबवायचा हे नियमातच लिहून ठेवण्याची युक्ती कुठल्याही खेळाला लागू पडते.

दुसरा मार्ग दोन लहान शाळांचा संयुक्त संघ. व्यवहार म्हणून तो चांगलाच आहे. फक्त त्याची एक किंमत आहे, ती आधी मान्य करा. असे संघ बहुधा शेजारच्या शाळांचे होतात, आणि शेजारची शाळा म्हणजेच जुनी प्रतिस्पर्धी. ज्यांना हरवायचं म्हणून पोरं पहाटे उठत होती, त्यांच्याच अंगावर आता तीच जर्सी.

शेजारची शाळा

गट वाढले की नेमकं हेच नातं तुटतं. पट वेगळा म्हणून दोन किलोमीटरवरची शाळा वेगळ्या गटात जाते, आणि आपल्या गटातली शाळा निघते दोन तासांच्या प्रवासावर. त्या सामन्याला पालक येत नाहीत, माजी विद्यार्थी येत नाहीत. निकाल दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. शेजाऱ्यांशी सामना असला की आमच्या शाळेत फळ्यावर आठवडाभर आधीपासून उरलेले दिवस लिहिलेले असायचे.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या मॅसिलॉन आणि कॅन्टन मॅकिन्ली या शाळा १८९४ पासून एकमेकींशी अमेरिकन फुटबॉल खेळत आहेत. २०२३ मध्ये मॅसिलॉनने राज्याच्या दुसऱ्या गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि मॅकिन्ली त्या मोसमात पहिल्या गटात होती. गट वेगळे, तरी साखळीचा शेवटचा सामना त्यांचा एकमेकींशीच होतो. श्रीलंकेत रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस यांची क्रिकेट लढत १८८० पासून चालत आली आहे, आणि तिची स्वतःची ढाल आहे. बाकी मोसमात कोण कुठे राहिलं याने त्या ढालीचं मोल कमी होत नाही.

पट फारच विषम असेल तर मोठ्या शाळेने दुसरा संघ उतरवावा किंवा खालच्या वयोगटात सामना ठेवावा. मोठ्या शाळेला यात कमीपणा वाटू शकतो, म्हणून हे समितीने ठरवून द्यावं, त्या दोन मुख्याध्यापकांवर सोडू नये.

तुमच्याकडे काय बसेल

दहा-बारा शाळा असतील तर चार गट पाडू नका. तीन संघांच्या गटात जिंकलेल्या करंडकाची मुलांनाच किंमत वाटत नाही. सगळ्यांना एकत्र सुरुवात करू द्या, पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी दुसरा करंडक ठेवा. सात-सात जणांच्या सेव्हन्स रग्बीच्या अनेक स्पर्धांत अशीच सोय असते. त्यामुळे प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात आणि दुसरा सामना साधारण बरोबरीच्याशी होतो. शाळा तीस-चाळीसच्या पुढे असतील तर पटावर तीन गट, त्याला यशावर बढतीची जोड, आणि खालचा गट सर्वांत अरुंद.

बैठकीला जाण्याआधी सर्व शाळांचा वयोगटवार पट एका कागदावर उतरत्या क्रमाने लिहा. वरून खाली वाचत जा. कुठेतरी ४१० नंतर एकदम २३० येईल, मग ९५ नंतर ५२. रेघा तिथे ओढा, गोल आकड्यांवर नको. मग दुसरा कागद घ्या आणि प्रत्येक शाळेपुढे तिच्या शेजारच्या शाळेचं नाव लिहा. वेळापत्रक भरायला बसाल तेव्हा त्या जोड्यांच्या तारखा आधी टाका, बाकीचे सामने नंतर.