वेरूळचा गाईड, ज्यानं मिथुनशिल्पं टाळली नाहीत

मागच्या रविवारी आई आणि बारावीतल्या भाचीला घेऊन जालन्याहून वेरूळला गेलो, तिकिटखिडकीजवळच गाईड ठरवला आणि मनापासून सांगते, पाचपैकी पाच स्टार. कॉलेजच्या ट्रिपला आले होते तेव्हाच्या गाईडनं रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापाशी खूप वेळ घालवला अन् मिथुनशिल्पं, म्हणजे प्रणयात रमलेल्या जोडप्यांची शिल्पं, आली की "चला पुढं, इथं काही नाही". ते "काही नाही" अजून डोक्यात आहे माझ्या.

ह्या दादांनी तसं केलं नाही. 16 नंबरच्या कैलास लेणीत एका जोडप्यापाशी थांबले. त्याचा हात तिच्या कमरेवर, तिची मान त्याच्याकडं वळलेली, चेहरे झिजलेत पण संकोच कुठंच नाही. आई लगेच म्हणाली, "लेकरू आहे सोबत." दादा शांतपणे म्हणाले, "मावशी, आठव्या शतकात देवळावर कोरलंय हे, लपवायचं असतं तर कोरलंच नसतं." मग बोलता बोलता पैठणच्या विषयावर आले, तिथल्या सातवाहन राजा हालाच्या नावावरचा गाथासप्तशती हा कवितासंग्रह, महाराष्ट्री प्राकृत ह्या जुन्या भाषेतला, त्यात खेड्यातल्या बाया मनातली ओढ सरळ बोलतात. पण तेव्हा सगळं मोकळंच होतं असं काही त्यांनी रंगवलं नाही, त्याच गाथांमध्ये सासूची अन् गावाच्या तोंडाची भीतीपण आहे म्हणाले, हे मला फार पटलं.

पुढं दादांनी सांगितलं इंग्रजांचं 1860 च्या दंडसंहितेतलं 377 कलम, समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणारं, संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांवरून ते उठायला 2018 उजाडलं. अन् 1934 मध्ये र. धों. कर्व्यांच्या समाजस्वास्थ्य ह्या लैंगिक शिक्षणावरच्या मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं, तर बाबासाहेब! मी संभाजीनगरला शिकले, त्यांनीच उभ्या केलेल्या मिलिंद कॉलेजवरून रोज जायचे, पण हे कधी कुणी सांगितलंच नाही.

भाची म्हणाली, "मग प्रजननाचा धडा आला की मॅडम घरी वाचा का म्हणतात?" मी अन् आई दोघी गप्प. परत येताना गाडीत आईनंच विचारलं, त्या गाथा मराठी अर्थासकट मिळतात का गं.

तक्रार एकच, दादा बोलतात लई भरभर, गर्दीत निम्मं ऐकू येत नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा, मंगळवारी बंद असतं, पैसे आधी ठरवून घ्या आणि सगळी शिल्पं बघायचीत हेही तेव्हाच सांगा.