घाटात ओढ सोडणारी मॉडिफाय पिकअप: ओबीडी स्कॅनर आणि बूस्ट गेज, हंगामभराच्या वापरानंतर

टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीची ओढ गेली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टर्बो गेला." दुसऱ्या गॅरेजला गेलात तर "पंप गेला" किंवा "इंजेक्टर करून घ्या". गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, असेल तर किमान कंपनीचे आकडे हाताशी असतात. मॉडिफाय केलेल्या गाडीत तेही नसतात आणि अंदाजावर पार्ट बदलत गेलं की खिसा रिकामा होतो, गाडी मात्र होती तिथेच. म्हणून मी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा, ईएलएम ३२७ प्रकारचा) आणि नळीवर चालणारं साधं यांत्रिक बूस्ट गेज (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब दाखवणारं) अशी जोडी घेतली. पावसाळ्यात बसवली, आंब्याचा हंगाम तिच्यावरच काढला. हा अनुभव त्या जोडीचा.

आधी गाडीबद्दल. अडीच लिटरचं इंजिन, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल), व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्या हलून बूस्ट कमीजास्त करणारा), बीएस ४. मी सेकंडहँड घेतली तेव्हाच तिच्यात ट्यूनिंग बॉक्स (ताकद वाढवणारी इलेक्ट्रॉनिक डबी), कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर), इंटरकूलरला, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला, सिलिकॉनचे होज आणि २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ टायर होते. काम चिपळूण ते कराड, मागे पेट्या. म्हणजे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला. तक्रार अशी की पोफळी सोडून चढ लागला की तिसऱ्या गिअरला दोन हजार आरपीएमनंतर गाडी जड व्हायची, मागे काळा धूर, आणि डॅशबोर्डवर एकही लाइट नाही. मिस्त्रीने टर्बोचं एस्टिमेट काढून दिलं होतं.

स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचला तर काहीच नाही. इथे बरेच जण स्कॅनर बाजूला ठेवतात. पण कोड नसणं म्हणजे दोष नसणं नव्हे. पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी, हा कोड ईसीयूला (इंजिन चालवणारा संगणक) तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे आणि ठरावीक वेळ दिसली तरच पडतो. स्कॅनरची खरी किंमत लाइव्ह डेटात, म्हणजे गाडी चालताना दिसणाऱ्या आकड्यांत, आहे.

आणि तो डेटा वाचण्याआधी ट्यूनिंग बॉक्स काढायचा. हे मी ठासून सांगतो, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. असा बॉक्स रेल प्रेशर (डिझेलचा दाब) सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. ईसीयू दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं, ताकद वाढते. स्कॅनर ईसीयूलाच विचारतो, त्यामुळे त्याला तोच बनावट आकडा मिळतो. माझा बॉक्स बूस्टच्या सेन्सरवरही बसतो. पुढे दोष मिटल्यावर बॉक्स लावून यांत्रिक गेज २४ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवायचं तेव्हा फोनवर १९ च्या आसपास दिसायचं. गेजची नळी थेट इनटेक मॅनिफोल्डमधून येते, तिला कुणी फसवू शकत नाही. ही जोडी घ्यायचं कारण हेच: दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले तरच विश्वास ठेवायचा.

बॉक्स काढून बायपास प्लग (मूळ वायर थेट जोडणारा) लावला. पहिली तपासणी गाडी उभी असतानाच: किल्ली ऑन, इंजिन बंद. मॅप, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला एकूण दाब मोजणाऱ्या, सेन्सरने तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. चिपळुणात १०० किलोपास्कलच्या आसपास, घाटमाथ्यावर ९४ च्या आसपास. माझा आकडा बरोबर आला, म्हणजे सेन्सर ठीक. पुढे पुतण्याला शेजारी बसवून, गाडी लोड करून घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, ॲपला लॉग (आकड्यांची नोंद) करू द्यायचं.

लॉगमध्ये २५०० आरपीएमला मॅप १७० किलोपास्कलच्या आसपास अडकलेला. वातावरणाचा दाब वजा केला तर जेमतेम १० पीएसआय बूस्ट. गेजही १० वरच. रेल प्रेशर मात्र १४०० बारच्या वर टिकून, म्हणजे डिझेलची बाजू चोख. उलगडा झाला तो एमएएफ, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या, सेन्सरच्या आकड्याने. हवा सेकंदाला ११० ग्रॅमच्या पुढे येत होती. १७० किलोपास्कलला अडीच लिटरचं इंजिन त्या आरपीएमला ८० ते ९० ग्रॅमच्या वर हवा घेऊच शकत नाही. मग उरलेली हवा जाते कुठे? एमएएफ टर्बोच्या आधी मोजतो, मॅप टर्बोच्या नंतर. आत आलेली हवा मधेच बाहेर पडत होती. आणि ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडतो, म्हणून काळा धूर.

मॅप आणि एमएएफ दोन्ही आकडे कमी असते तर व्हीजीटीच्या पात्या काजळीने अडकल्यात का, त्या हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी फुटलीय का, एअर फिल्टर चोक आहे का, हे बघितलं असतं. मॅप ठीक आणि एमएएफ कमी असता तर ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकल्याचा किंवा एमएएफ खराब झाल्याचा संशय घेतला असता. तेल लावायच्या कोन फिल्टरवर तेल जास्त झालं की ते एमएएफच्या तारेवर बसतं, आकडा खाली येतो, आणि ईसीयू डिझेलच कापतो. तेव्हा गाडी धूर न काढता मेल्यासारखी चालते.

मग टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने एक बारपर्यंत हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेशी फेस आला. साध्या पट्टीवाल्या क्लिपच्या खाचा मऊ सिलिकॉनमध्ये रुतून बोटाच्या पेराएवढी उभी चीर पडली होती. हाताने चाचपली तर मिटलेली, वरून दिसतही नव्हती. आतला दाब वाढला की ओठ उघडायचे. ओळखायची खूण एकच: चिरेभोवती तेलाच्या वाफेवर धूळ बसून झालेली काळी रेघ. नवा होज, टी-बोल्ट क्लिप, आणि त्याच चढावर बॉक्सशिवाय २० पीएसआय. टर्बो अजून तोच आहे. मात्र अशी गळती असताना गाडी दामटत राहिलं तर टर्बो तूट भरून काढायला गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि मग खरोखरच जातो, हेही लक्षात ठेवा.

पाऊस संपताना ओढ पुन्हा गेली, पण या वेळी धूर नाही आणि पी००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी, हा कोड. बूस्ट नीट चढायचं, जोर लावला की रेल प्रेशर कोसळायचं. डिझेल फिल्टरचा ड्रेन स्क्रू ढिला केला तर आधी पाणीच आलं. फिल्टर बदलला, मिटलं. आधीचे लॉग जवळ होते म्हणून ही तुलना मिनिटांत झाली. गाडी चांगली चालत असताना त्याच चढावरचा एक लॉग जपून ठेवा, पुढे तोच मोजपट्टी होतो.

टायरचंही बोलतो. २६५/७५ चा टायर मूळपेक्षा साधारण ७ टक्के मोठा, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. चढावर गाडी जड वाटते, पण ती कायमच तशी वाटते, एका दिवसात बिघडत नाही. स्पीडोमीटर स्पीड पण कमी दाखवतो, स्कॅनरही तोच चुकीचा आकडा देतो.

आता या वस्तूंच्या उणिवा. मॅपचा प्रमाणित आकडा एकाच बाइटमध्ये येतो, म्हणून २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही. रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रामिंग बदललेल्या, गाडीत बूस्ट दीड बारच्या पुढे गेलं की आलेख वर सपाट होतो आणि टर्बोने हात टेकल्यासारखं वाटतं. तिथे गेजच कामाचं. काही गाड्या वातावरणाचा दाब देत नाहीत, मग ॲप समुद्रसपाटीचा धरतं आणि घाटमाथ्यावर बूस्ट कमी दाखवतं. ब्लूटूथवर डेटा संथ येतो, चारपेक्षा जास्त आकडे मागितले की आलेख तुटक होतो. 'व्हर्जन २.१' छापलेल्या बऱ्याच स्वस्त नकलांमध्ये मूळ चिपच्या काही कमांडच चालत नाहीत, घेताना परत करायची सोय बघा. खड्ड्यांत पोर्ट ढिला होतो. गाडी दिवसचे दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा, बॅटरी खातो.

गेजची तक्रार कमी. नळी एक्झॉस्टपासून लांबून न्यायची, सुई थरथरत असेल तर नळीत बारीक रिस्ट्रिक्टर (अरुंद भोकाचा तुकडा) टाकायचा. लॉग ठेवत नाही, एवढंच.

पूर्ण स्टॉक गाडी असेल तर एकटा स्कॅनर पुरे. बॉक्स किंवा रिमॅप असेल तर गेज आधी घ्या, स्कॅनर नंतर. मॉडिफिकेशन करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) एकदा वाचावं, मालवाहू गाडीला पासिंगच्या वेळी हा प्रश्न येतोच. माझा बॉक्स सध्या काढूनच ठेवलाय, लोडवर तो लावत नाही. तो परत लावायचाच झाला तर आधी टर्बोच्या अलीकडे एक्झॉस्टचं तापमान मोजणारा प्रोब बसवणार, कारण जास्त डिझेलने तिथे किती उष्णता साठते हे या दोन्ही वस्तू सांगत नाहीत.