कार्बन शाफ्ट अडकतोय: अल्कोहोलने पुसावा की पेपरने घासावा?

पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायच्या काठीचा, म्हणजे क्यूचा, पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. कार्बन फायबरचा शाफ्ट बोटांवर अडकायला लागला की काही जण कापड काढतात, काही जण थेट पॉलिश पेपर. माझं मत स्पष्ट आहे: आधी पुसा.

कारण अडकतो तो शाफ्ट नव्हे, त्यावर बसलेला घाम, तेलकटपणा आणि क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकच्या भुकटीचा लेप. मायक्रोफायबर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि मुठीत शाफ्ट धरून लांब हात फिरवा. कापडावर निळसर-काळपट पट्टा उमटतो. घडी बदलत राहा, पट्टा उमटेनासा झाला की कोरड्या कापडाने चोळा. टोकावरच्या चामड्याच्या टिपेला मात्र अल्कोहोल लावू नका, चामडं कोरडं पडतं. यात शाफ्टची जाडी तसूभरही कमी होत नाही, म्हणून हे हवं तितक्या वेळा करता येतं.

घासण्याचं तसं नाही. लाकडी शाफ्ट घासायची सवय इथे घात करते. वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) असेल तर तो निघतो आणि घरी पुन्हा तसा बसवता येत नाही. जास्त घासलं तर धागे उघडे पडतात. पुसूनही खरखर राहिली, तरच 2000 ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) किंवा त्याहून बारीक पेपर ओला करून, अगदी हलक्या हाताने. कोरडं घासू नका: कार्बनची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि कातडीला खाज आणते. मास्क लावाच. आणि त्याआधी उत्पादकाची सूचना वाचा, काही शाफ्टवर घासणं वॉरंटीत बसत नाही.