भुसावळ यार्डाच्या लेआउटसाठी डब्ल्यूजी इंजिनाचे मॉडेल

वाफेच्या अखेरच्या वर्षांतले भुसावळ यार्ड छोट्या प्रतिकृतीच्या रूपात गच्चीवरच्या खोलीत उभारण्यासाठी मागवलेले १:८७ मापाचे हे डब्ल्यूजी मालगाडी-इंजिन दिसायला देखणे आहे. टेंडरमधला (इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यातला) कोळसा आणि बॉयलरवर उतरलेली काजळी पाहून जुना फायरमनही मान डोलवेल. मात्र दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असलेला आपला ब्रॉडगेज या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो, तर बाजारातला तयार रूळ साडेसोळाचा, त्यामुळे समोरून इंजिन उगाच अंग चोरून उभे राहिल्यासारखे वाटते. आठ चालक चाकांना जोडणारे दांडे आखूड वळणावर अडखळतात; एवढी किंमत मोजल्यावर ते खटकतेच. रुंद वळणे आखता येत असतील, तरच घ्यावे.