एव्हरीथिंग आणि विंडोजचं सर्च: जुन्या फायली शोधायच्या असतील तर दोन्ही सेट करा

एव्हरीथिंग नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर आहे, व्हॉइडटूल्सचं, विंडोजसाठी, एकदम फुकट. ज्यांच्या पीसीवर वर्षानुवर्षांच्या फायली साठल्यात त्यांनी टाकूनच घ्या, मनापासून सांगतोय. आमच्या दादरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, ऑफिसच्या पीसीवर कन्व्हेयन्स, प्रॉपर्टी कार्ड, बीएमसीची पत्रं, एजीएमचे ठराव, सगळं प्रत्येक कमिटीने आपापल्या पद्धतीने डी ड्राइव्हवर टाकलेलं आणि कागद हवा असतो तो नेमका वकीलसाहेब फोनवर थांबलेले असताना. आता नावातले दोन तुकडे मधे स्पेस देऊन टाइप करायचे, टाइप करता करताच लिस्ट येते. मराठी नावं पण चालतात. "ठराव !ड्राफ्ट" टाकलं की ड्राफ्टवाल्या फायली गाळून बाकीच्या दाखवतं, हे तर मला फारच आवडलंय.

एवढं फास्ट कसं, तर ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, एनटीएफएस (विंडोजची ड्राइव्हवर फायली साठवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर सगळ्या फायलींची नोंद असलेलं मास्टर फाइल टेबल असतं तेच थेट वाचतं. १० लाख फायलींची यादी बनवायला साधारण १ मिनिट, असं बनवणारेच सांगतात. पेनड्राइव्ह बरेचदा एनटीएफएस नसतात, ते टूल्समधल्या ऑप्शन्समधे जाऊन इंडेक्सेसच्या खाली फोल्डर्समधे अ‍ॅड करा.

पण हे मुख्यतः नावावरून शोधतं. आतला मजकूर शोधायला सांगता येतं, फक्त त्याला वेळ लागतो, त्यासाठी विंडोजचंच सर्च नीट लावून घेतलेलं बरं. ते मुळात क्लासिकवर असतं, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच बघतं, मग डी ड्राइव्हवरचं सापडणार कसं? सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत सर्चच्या पानावर एन्हान्स्ड करा, म्हणजे अख्खा पीसी बघेल, किंवा पीसी जुना असेल तर क्लासिकच ठेवून इंडेक्सिंग ऑप्शन्समधे मॉडिफाय दाबून फक्त लागणारं फोल्डर अ‍ॅड करा, मला हेच जास्त पटतं, मशीनवर लोड कमी येतो. मग अ‍ॅडव्हान्स्डमधे फाइल टाइप्सवर जाऊन पीडीएफ आणि वर्डला "प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स" आहे ना ते बघा. लॅपटॉप असेल तर चार्जरला लावून ठेवा, बॅटरीवर इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी यादी बनवायचं काम, रेंगाळतं.

मराठी लोकांसाठी खास सांगायचं म्हणजे, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणारी मराठी टायपिंगची पद्धत) आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेली जुनी पत्रं आतल्या मजकुरावरून मिळणारच नाहीत, कारण स्क्रीनवर ठराव दिसतो पण फाइलमधे भलतीच अक्षरं साठवलेली असतात. नुसत्या स्कॅनचंही तसंच, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, ते केल्याशिवाय आत मजकूरच नसतो. अशा फायलींना सरळ विषय आणि वर्ष घालून युनिकोडमधे नाव द्या, एव्हरीथिंग त्या लगेच काढून देतं.