टायमर लावावा की सोबतीला कुणी बसवावं?

एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामाला लागणं अवघड करणारी मेंदूची स्थिती) असलेल्या मैत्रिणीने विचारलं: काम सुरूच होत नाही, टायमर लावू की कुणाला शेजारी बसवू?

खरा अडसर सुरुवातीचाच असतो. काय करायचं ते ठाऊक असतं, तरी हात हलत नाही. हा आळस नव्हे, हे आधी मनाशी पक्कं कर. इथे सोबत सरस ठरते. समोरचा त्याचं स्वतःचं काम करत असला, अगदी व्हिडिओ कॉलवर असला, तरी वेळ ठरलेली असते आणि कुणीतरी वाट पाहत असतं. टायमर आपणच लावायचा, आणि नेमकं तेच राहून जातं.

वेळेचं भान सुटणं ही वेगळी अडचण. तिथे टायमर हवाच. फ्रान्चेस्को चिरिलो यांच्या पोमोडोरो पद्धतीत 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती असते; सुरुवातीला 10 मिनिटंच काम केलं तरी चालेल. मात्र फोनपेक्षा वेगळं घड्याळ बरं. फोन हातात घेतला की लक्ष तिथेच अडकतं.

टिकाऊपणात दोन्ही कच्चे: टायमरचा आवाज कानाला सवयीचा होतो, सोबत दुसऱ्याच्या सवडीवर.

टाळत आलेले फॉर्म, हिशेब, पसारा यांसाठी सोबत घे. कामात बुडून जेवण किंवा औषध विसरत असशील, तर टायमर.